व्हीबीएमध्ये फंक्शनल शैली: फंक्शन दुसऱ्या फंक्शनला द्यायचे कसे, आणि कुठवर

प्रश्न थोडक्यात असा: एक्सेलच्या व्हीबीए (एक्सेलमध्येच असलेली प्रोग्रामिंग भाषा) मॅक्रोंमध्ये मॅप (यादीतल्या प्रत्येक घटकावर फंक्शन लावणे), फिल्टर (अटीत बसणारे घटक निवडणे) आणि रिड्यूस (सगळ्या यादीचे मिळून एकच उत्तर काढणे) वापरायचे आहेत. फंक्शनचे नाव स्ट्रिंगमध्ये ठेवून 'ॲप्लिकेशन.रन'ने ते बोलावले की काम होते, पण संथ होते आणि अधूनमधून भलत्याच ठिकाणी अडते. यापेक्षा चांगली वाट आहे का? आणि एवढा खटाटोप करण्यात अर्थ आहे का?

वाट आहे, आणि ती क्लास मॉड्यूलमधून, म्हणजे स्वतःचे ऑब्जेक्ट घडवण्याच्या साच्यातून जाते. पण खटाटोपाचा मोबदला मॅप-रिड्यूसमध्ये फारसा नाही. तो मिळतो फंक्शन्स शुद्ध ठेवण्यातून, म्हणजे जे लागेल ते पॅरामीटरमधून घ्यायचे, उत्तर परत द्यायचे आणि बाकी कशाला हात लावायचा नाही, यातून. म्हणून सुरुवात तिथूनच.

एक खुलासा आधी. व्हीबीएचा संपादक युनिकोड जाणत नाही. त्यात देवनागरी टाकली की प्रश्नचिन्हे दिसतात. इथे कोडमधले शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत, टाइप करताना ते रोमन लिपीतच टाकायचे.

आधी शुद्धता

व्हीबीएत पॅरामीटरपुढे काही लिहिले नाही तर तो 'बायरेफ' धरला जातो. म्हणजे फंक्शनच्या आत त्या पॅरामीटरला नवी किंमत दिली की बोलावणाऱ्याचे व्हेरिएबलही बदलते, आणि कोणी तक्रार करत नाही. त्यामुळे पहिला नियम: प्रत्येक साध्या पॅरामीटरपुढे 'बायव्हॅल' (मूळ व्हेरिएबल नव्हे, किमतीची प्रत) लिहायचे. अपवाद ॲरेचा. ठरावीक प्रकारचा ॲरे 'बायव्हॅल' देताच येत नाही, कंपायलर अडवतो. व्हेरियंटमध्ये (कोणतीही किंमत मावणाऱ्या प्रकारात) गुंडाळलेला ॲरे देता येतो, पण तेव्हा अख्ख्या ॲरेची प्रत निघते. ६४-बिट ऑफिसमध्ये एक व्हेरियंट २४ बाइट घेतो (३२-बिटमध्ये १६). १ लाख ओळी आणि १० स्तंभ म्हणजे १० लाख व्हेरियंट, म्हणजे मजकूर सोडून सुमारे २४ एमबी, आणि तेही प्रत्येक प्रतीला. म्हणून मोठे ॲरे 'बायरेफ'च द्यावेत आणि त्यांत काही लिहायचे नाही हे स्वतःच पाळावे. ही शिस्त तपासायला भाषेत काही सोय नाही.

दुसरी गळती वर्कशीटमधून होते. सेलमधून बोलावलेले फंक्शन आतल्या आत दुसरा एखादा सेल वाचत असेल आणि तो सेल पॅरामीटरमध्ये नसेल, तर एक्सेलला हे अवलंबित्व कळतच नाही. तो सेल बदलला तरी फंक्शन पुन्हा चालत नाही आणि जुने उत्तर तसेच दिसत राहते. यावर बरेच जण 'ॲप्लिकेशन.व्होलाटाइल' लावतात. मग ते फंक्शन प्रत्येक गणनेला चालते आणि फाइल जड होते. खरा उपाय एकच: लागणारी प्रत्येक रेंज पॅरामीटर म्हणून द्या.

मॅक्रोची रचनाही यावरूनच ठरते. एक प्रोसिजर शीट वाचून ॲरे बनवते, मधली सगळी फंक्शन्स ॲरे घेतात आणि ॲरे देतात, आणि शेवटची एक प्रोसिजर शीटवर लिहिते. 'रेंज', 'सेल्स', 'ॲक्टिव्हशीट' हे शब्द मधल्या भागात दिसले तर समजावे की काहीतरी गळते आहे.

फंक्शन हातात कसे धरायचे

व्हीबीएत फंक्शन ही किंमत नाही. ते व्हेरिएबलमध्ये ठेवता येत नाही आणि ओळीतच लिहिता येत नाही. 'ॲड्रेसऑफ' आहे, पण त्यातून नुसता पत्ता मिळतो. तो विंडोजच्या एपीआयला देण्यासाठी आहे. त्या पत्त्यावरून फंक्शन बोलवायची सरळ सोय व्हीबीएतच नाही. उरतात चार मार्ग.

'ॲप्लिकेशन.रन' सगळ्यांना माहीत असतो. नाव आणि त्यापुढे ३० पर्यंत अर्ग्युमेंट्स. नाव स्ट्रिंग असल्यामुळे 'ऑप्शन एक्स्प्लिसिट' (जाहीर न केलेली नावे कंपाइल होतानाच पकडणारी सूचना) त्याला वाचवत नाही. फंक्शनचे नाव बदलले की थेट चालताना १००४ क्रमांकाची चूक येते. अर्ग्युमेंट्स किमतीने जातात, त्यामुळे 'बायरेफ'मधून काही परत मिळेल ही आशा सोडा. फाइलच्या नावात मोकळी जागा (स्पेस) असेल तर ते एकेरी अवतरणात घालून, पुढे उद्गारचिन्ह आणि मग फंक्शनचे नाव, असे लिहावे लागते. त्याच नावाचे फंक्शन दुसऱ्या उघड्या फाइलमध्येही असेल तर घोळ नको म्हणून फाइलचे नाव 'धिसवर्कबुक.नेम'मधून घेऊन नेहमी जोडावे.

'भलत्याच ठिकाणी अडते' याचे एक कारण क्वचितच कोणाच्या लक्षात येते. फंक्शनचे नाव सेलच्या पत्त्यासारखे दिसत असेल तर एक्सेल त्याला पत्ताच समजतो. एक्सेल २००७ पासून स्तंभ एक्सएफडीपर्यंत, म्हणजे १६,३८४ झाले. त्यामुळे 'टॅक्स२०१०' असे नाव रोमन लिपीत लिहिले की तो टी-ए-एक्स स्तंभातला २०१० वा सेल होतो. मॉड्यूलमधून थेट बोलावले तर हे फंक्शन बिनतक्रार चालते, 'रन'मधून किंवा सेलमधून बोलावले की फसते. तीन किंवा कमी अक्षरे आणि लगेच आकडे, अशी नावे टाळा.

'कॉलबायनेम' ऑब्जेक्टवरची मेथड नावाने बोलावतो. यादीतल्या प्रत्येक ऑब्जेक्टची एखादी प्रॉपर्टी काढायची असेल तर तो छान कामी येतो. साध्या मॉड्यूलमधल्या फंक्शनला मात्र चालत नाही, कारण साधे मॉड्यूल हा ऑब्जेक्टच नाही.

'इव्हॅल्युएट' हा तिसरा. सूत्र स्ट्रिंगमध्ये लिहायचे, त्यात जागा राखणारे चिन्ह ठेवायचे आणि दर वेळी तिथे किंमत भरायची. छोट्या लॅम्डाची, म्हणजे जागच्या जागी लिहिलेल्या बिननावाच्या फंक्शनची, हौस यात भागते, पण अटी बऱ्याच आहेत. स्ट्रिंग २५५ अक्षरांपेक्षा लांब चालत नाही. फंक्शनची नावे इंग्रजीच हवीत, विभाजक स्वल्पविरामच हवा. ज्या संगणकावर दशांशचिन्ह स्वल्पविराम आहे तिथे 'सीस्टर'ने केलेला आकडा सूत्र बिघडवतो. 'स्टर' हे फंक्शन नेहमी टिंबच देते, म्हणून ते वापरावे. भरलेली किंमत कंसात घालावी. चिन्ह म्हणून नुसते एक्स अक्षर घेतले तर 'मॅक्स'मधला एक्सही बदलला जातो. शिवाय चूक झाली तर 'इव्हॅल्युएट' थांबत नाही, चूक दाखवणारी किंमत परत देतो: ओळखू न आलेले नाव असेल तर एरर २०२९, चुकीचा प्रकार असेल तर २०१५. प्रत्येक उत्तरावर 'इझएरर' लावल्याशिवाय पुढे जाऊ नये. पत्त्यापुढे शीटचे नाव नसेल तर 'ॲप्लिकेशन'चा इव्हॅल्युएट समोर उघड्या असलेल्या शीटवर पाहतो, हेही ध्यानात असू द्या.

स्क्रिप्ट कंट्रोल आणून जेस्क्रिप्टचे फंक्शन बनवण्याची जुनी युक्ती अजून सुचवली जाते. तो घटक फक्त ३२-बिट आहे, ६४-बिट ऑफिसमध्ये चढत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

चौथा मार्ग इंटरफेसचा, म्हणजे मेथडची नुसती रूपरेषा सांगणाऱ्या क्लासचा, आणि गंभीर कामासाठी हाच घ्यावा. ती रूपरेषा दुसऱ्या क्लासने पाळायची तर त्यात 'इम्प्लिमेंट्स' लिहायचे. 'इम्प्लिमेंट्स' एक्सेल २००० पासून, म्हणजे व्हीबीए ६ पासून आहे.

इंटरफेस, जवळून

'आयकृती' नावाचे क्लास मॉड्यूल करा. त्यात एकच रिकामे फंक्शन: 'लाव', एक व्हेरियंट घेणारे आणि व्हेरियंट देणारे. मेथडच्या नावात अंडरस्कोर नको, नाहीतर 'इम्प्लिमेंट्स' कंपाइलच होत नाही.

आता 'सीमेपेक्षामोठा' असे दुसरे क्लास मॉड्यूल. वर 'इम्प्लिमेंट्स आयकृती'. आत एक खासगी व्हेरिएबल 'सीमा', ते भरण्यासाठी 'फ्रेंड प्रॉपर्टी लेट', आणि 'प्रायव्हेट फंक्शन आयकृती_लाव', जे आलेली किंमत सीमेशी ताडून खरे-खोटे सांगते. इतर भाषांत ज्याला क्लोजर म्हणतात ते हेच: ऑब्जेक्टने धरून ठेवलेली सीमा. 'क्लास_इनिशियलाइझ' पॅरामीटर घेत नाही, म्हणून साध्या मॉड्यूलमध्ये एक बनवणारे फंक्शन लिहायचे. ते नवे ऑब्जेक्ट तयार करते, सीमा भरते आणि 'आयकृती' प्रकारात परत देते. मग 'सीमेपेक्षामोठा(१००)' हे एका ओळीत कुठेही देता येते आणि वाचताना अर्थही लगेच लागतो.

इथला एक सापळा फार जुना आहे. लूपच्या आत 'डिम क ॲज न्यू सीमेपेक्षामोठा' लिहून प्रत्येक फेरीत सीमा बदलून 'क' कलेक्शनमध्ये टाकला, तर कलेक्शनमध्ये दहा वेगळे ऑब्जेक्ट जात नाहीत. एकच ऑब्जेक्ट दहा वेळा जातो आणि सगळ्यांची सीमा शेवटची असते. व्हीबीएत 'डिम' फेरीगणिक चालत नाही. 'डिम' वेगळा ठेवून लूपमध्ये 'सेट क = न्यू ...' लिहा, किंवा वरच्यासारखे बनवणारे फंक्शनच वापरा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

मॅप मग असा दिसतो:

पब्लिक फंक्शन यादीमॅप(बायरेफ यादी ॲज व्हेरियंट, बायव्हॅल कृती ॲज आयकृती) ॲज व्हेरियंट
    डिम उत्तर() ॲज व्हेरियंट, आय ॲज लाँग
    इफ यूबाउंड(यादी) < एलबाउंड(यादी) देन
        यादीमॅप = व्हीबीए.ॲरे()
        एक्झिट फंक्शन
    एंड इफ
    रीडिम उत्तर(एलबाउंड(यादी) टू यूबाउंड(यादी))
    फॉर आय = एलबाउंड(यादी) टू यूबाउंड(यादी)
        ठेव उत्तर(आय), कृती.लाव(यादी(आय))
    नेक्स्ट आय
    यादीमॅप = उत्तर
एंड फंक्शन

दोन गोष्टी मुद्दाम आहेत. 'ठेव' ही तीन ओळींची सबप्रोसिजर: दुसरे अर्ग्युमेंट 'इझऑब्जेक्ट' असेल तर 'सेट'ने, नाहीतर साध्या बरोबरने पहिल्यात ठेवते. ती नसेल तर कृतीने रेंज परत दिल्यावर ऑब्जेक्टऐवजी त्याची किंमत गुपचूप साठवली जाते. 'इझऑब्जेक्ट(कृती.लाव(...))' असे आधी तपासून मग पुन्हा बोलावले तर कृती दोनदा चालते. दुसरी गोष्ट, रिकामी यादी. 'व्हीबीए.ॲरे()' हा ० ते −१ मर्यादांचा रिकामा ॲरे देतो, त्यावर लूप नीट शून्य वेळा फिरतो. कधीच 'रीडिम' न केलेल्या ॲरेवर 'यूबाउंड' मात्र ९ क्रमांकाची चूक देतो. आणि नुसत्या 'ॲरे'वर 'ऑप्शन बेस १'चा परिणाम होतो, 'व्हीबीए.ॲरे'वर होत नाही.

फंक्शनचे नाव 'फिल्टर' ठेवू नका. व्हीबीएत त्याच नावाचे फंक्शन आधीपासून आहे. ते स्ट्रिंगच्या यादीतून एखादा तुकडा असलेल्या स्ट्रिंग निवडते, बाकी काही नाही. तुमचे फंक्शन त्याला झाकून टाकेल आणि जुना कोड मोडेल.

रिड्यूसला दोन अर्ग्युमेंट्स घेणारा वेगळा इंटरफेस करा आणि सुरुवातीची किंमत सक्तीची ठेवा. ती ऐच्छिक ठेवली की रिकाम्या यादीचे काय करायचे हा प्रश्न प्रत्येक बोलावणाऱ्याच्या गळ्यात पडतो.

जोडणीसाठी, म्हणजे आधी ही कृती मग ती, एक क्लास पुरतो: आत 'आयकृती'ची दोन ऑब्जेक्ट्स, आणि 'लाव' म्हणजे पहिलीचे उत्तर दुसरीला देणे. याचा फायदा नुसता देखणेपणाचा नाही. यादीवर चार मॅप एकापाठोपाठ लावले तर चार पूर्ण ॲरे तयार होतात. चार कृती जोडून एकच मॅप लावला तर एकच होतो. मोठ्या यादीत हा फरक जाणवतो. काही अर्ग्युमेंट्स आधीच भरून ठेवायचे तर 'पॅरामॲरे' (कितीही अर्ग्युमेंट्स एका यादीत घेणारा पॅरामीटर) मोहात पाडतो, पण त्यात आलेली यादी पुढच्या फंक्शनला सुटी करून देता येत नाही. शेवटी संख्येनुसार 'सिलेक्ट केस' लिहावाच लागतो. एक-दोन अर्ग्युमेंट्सपुरते वेगळे क्लास लिहिणे त्यापेक्षा बरे.

रेंजचा ॲरे म्हणजे दोन मिती

'रेंज.व्हॅल्यू' नेहमी १ पासून सुरू होणारा दोन मितींचा ॲरे देतो. रेंज एकाच सेलची असेल तर मात्र ॲरे नाहीच, नुसती किंमत येते. एकाच सेलचा डेटा आला त्या दिवशी मॅक्रो पडतो तो यामुळे. वाचणाऱ्या प्रोसिजरमध्येच 'इझॲरे' तपासून १×१ ॲरे करून घ्यावा. 'व्हॅल्यू२' वाचला तर तारखा आणि चलन साध्या आकड्यांत येतात. गणितासाठी ते सोयीचे, पण परत लिहिताना सेलचे तारखेचे स्वरूप आधीपासून असायला हवे.

ओळी गाळायच्या असतील तर 'रीडिम प्रिझर्व्ह'वर भिस्त ठेवू नका. तो फक्त शेवटची मिती वाढवतो, आणि ओळी पहिल्या मितीत असतात. उलटवून वाढवायचे आणि पुन्हा उलटवायचे हा जुगाड 'ट्रान्सपोज'वर अवलंबून आहे, आणि ६५,५३६ पेक्षा जास्त घटक असले की तो भरवशाचा राहत नाही. सरळ दोन फेऱ्या मारा: पहिल्या फेरीत पसंत पडलेल्या ओळींचे क्रमांक 'लाँग'च्या ॲरेत जमा करा, मग नेमक्या आकाराचा ॲरे एकदाच करून ओळी उचला. कृतीला अख्खी ओळ देण्यासाठी 'ॲप्लिकेशन.इंडेक्स'ने ती कापून काढणे लूपमध्ये महाग पडते. त्याऐवजी 'आयओळकृती' असा इंटरफेस करून त्याला तक्ता आणि ओळीचा क्रमांक द्या.

लिहिताना तीन ठिकाणी ठेच लागते. लक्ष्य रेंज ॲरेपेक्षा मोठी असेल तर उरलेल्या सेलमध्ये 'एन/ए' ही चूक दिसते. एका मितीचा ॲरे उभ्या रेंजवर लिहिला तर प्रत्येक सेलमध्ये पहिलाच घटक येतो; उभ्यासाठी एन×१ ॲरेच हवा. आणि फिल्टरनंतर काहीच उरले नाही तर 'रीसाइझ(०)' १००४ देतो, म्हणून लिहिण्याआधी संख्या तपासा.

चूक ही किंमत म्हणून

ॲरेमध्ये सेलमधल्या चुकाही किमती म्हणून येतात. त्यांच्यावर गणित केले की १३ क्रमांकाची टाइप मिसमॅच. त्यासाठी लोक 'इफ नॉट इझएरर(व) अँड व > ० देन' लिहितात आणि तरी तीच चूक येते, कारण व्हीबीएचा 'अँड' दोन्ही बाजू नेहमी तपासतो. एकात एक दोन 'इफ' लिहा. 'आयआयएफ'चेही तसेच: तो साधे फंक्शन असल्यामुळे दोन्ही पर्याय आधी मोजले जातात. 'आयआयएफ(ड = ०, ०, न / ड)' हा भागाकार ड शून्य असतानाही करतो आणि ११ क्रमांकाची चूक देतो; दोन्ही शून्य असतील तर ६, म्हणजे ओव्हरफ्लो. फंक्शनल शैलीत सशर्त पदावली लिहायची सवय असलेल्यांना हे हमखास नडते.

शोधण्यासाठी 'वर्कशीटफंक्शन.मॅच'ऐवजी 'ॲप्लिकेशन.मॅच' घ्या. पहिला न सापडल्यास चूक उडवतो, दुसरा चूक दाखवणारी किंमत परत देतो, आणि ती 'इझएरर'ने तपासून पुढच्या पायरीला देता येते.

लक्षात ठेवणारी फंक्शन्स, म्हणजे तेच अर्ग्युमेंट पुन्हा आले की साठवलेले उत्तर देणारी, 'स्क्रिप्टिंग.डिक्शनरी'वर सोपी होतात. पण त्यात नसलेली 'की' (नोंद शोधण्याची खूण) नुसती वाचली तरी ती रिकाम्या किमतीसह तयार होते. आधी 'एक्झिस्ट्स' विचारा. आकडा १ आणि स्ट्रिंग "१" या वेगळ्या की आहेत. मॅकवर हा घटक नाही, तिथे कलेक्शनवर भागवावे लागते, आणि कलेक्शनच्या की लहान-मोठे अक्षर वेगळे मानत नाहीत. रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणे) जपून: शेवटच्या कॉलसाठी लागणारी स्मृती वाचवण्याची सोय नाही, खोली वाढली की २८ क्रमांकाची चूक येते. झाडासारख्या रचनांना ठीक, लांब यादीला लूपच.

वेग, आणि लॅम्डा

इंटरफेसमधून केलेला कॉल 'रन' आणि 'कॉलबायनेम'पेक्षा कितीतरी स्वस्त आहे, कारण नाव शोधणे कंपाइल होतानाच उरकलेले असते. तरी साध्या 'फॉर' लूपपेक्षा तो महागच. जिथे लाखो घटकांवर एकच ठरलेले गणित करायचे आहे तिथे लूप लिहा आणि त्याला एका शुद्ध फंक्शनमध्ये बंद करा. बाहेरून कोणाला फरक दिसत नाही. कृती बदलत राहणार असेल, उदाहरणार्थ वापरणाऱ्याने निवडलेले निकष, तरच इंटरफेसचा खर्च वसूल होतो.

मायक्रोसॉफ्ट ३६५ किंवा एक्सेल २०२४ असेल तर आधी पाहा की मॅक्रोची गरज आहे का. लॅम्डा २०२० च्या डिसेंबरमध्ये जाहीर झाला, आणि मॅप, रिड्यूस, स्कॅन, बायरो ही त्याची साथीदार फंक्शन्स २०२१ मध्ये. ती सेलमध्येच चालतात, नेम मॅनेजरमध्ये नाव देऊन ठेवता येतात. मर्यादा एवढीच की मॅपच्या आतल्या लॅम्डाने ॲरे परत दिला तर 'कॅल्क' चूक येते, आणि जुन्या आवृत्तीत फाइल उघडली की ही सूत्रे पुन्हा मोजली जात नाहीत. गूगल शीट्सच्या ॲप्स स्क्रिप्टमध्ये तर हा प्रश्नच नाही. ती जावास्क्रिप्ट आहे, मॅप-फिल्टर ॲरेवर तयार मिळतात.

राहिली एक सेटिंग, जिच्यावाचून क्लासमध्ये ठेवलेल्या कृतींची चूक शोधणे फार त्रासाचे होते. संपादकात टूल्स, ऑप्शन्स, जनरल या ठिकाणी 'एरर ट्रॅपिंग' आहे. मूळचा पर्याय 'ब्रेक ऑन अनहँडल्ड एरर्स' असतो. त्यात क्लासच्या आत चूक झाली तरी पिवळी ओळ मॅपमधल्या 'कृती.लाव'वर थांबते. 'ब्रेक इन क्लास मॉड्यूल' निवडा, म्हणजे ती चुकीच्या खऱ्या ओळीवर थांबेल. आणि वापरणाऱ्याच्या संगणकासाठी मॅपमध्येच 'ऑन एरर' लावून, चुकीच्या वर्णनाला घटकाचा क्रमांक जोडून 'एर.रेझ'ने ती पुन्हा वर पाठवा. नाहीतर ४० हजार ओळींपैकी कोणती ओळ बिघडलेली होती हे कळायला मार्ग राहत नाही.